मॅक्स फ्रिट्झ : नावडत्या कामाचा शिल्पकार

जुन्या, हवेने थंड होणाऱ्या बॉक्सर मोटारसायकलीचा मालक आपली गाडी कुणाला दाखवू लागला, की तो सहसा टाकीच्या रंगापासून सुरुवात करीत नाही. तो गाडीसमोर उकिडवा बसतो आणि पाहुण्यालाही बसायला लावतो. समोरून पाहिले, की दोन्ही बाजूंना हात पसरावेत तसे दोन सिलिंडर बाहेर आलेले दिसतात. वारा लागावा म्हणून त्यांच्यावर ओतीव फिन्सच्या ओळी असतात, आणि टोकांना व्हॉल्व्हची गुळगुळीत, गोलसर झाकणे. मग तो किक मारतो, थ्रॉटल किंचित पिळतो आणि उभी गाडी एका कुशीला हलकेच झुकून पुन्हा सावरते. हा दोष आहे की गाडीचा स्वभाव, यावर अशा मालकांमध्ये तासन् तास चर्चा चालते आणि ती बहुधा स्वभावाच्याच बाजूने संपते.

या मोटारसायकलीचे हे रूप ज्या माणसाने कागदावर पहिल्यांदा पक्के केले, त्याला स्वतःला मोटारसायकलींविषयी फारसे प्रेम नव्हते. विमानाच्या इंजिनांसाठी जगलेला हा जर्मन अभियंता केवळ नाइलाज म्हणून दुचाकीकडे वळला, काही आठवड्यांत आराखडा करून मोकळा झाला आणि संधी मिळताच पुन्हा विमानांकडे गेला. त्याने मन लावून केलेले काम आज संग्रहालयांत आणि इतिहासाच्या पुस्तकांत आहे. नाइलाजाने केलेले काम मात्र अजून रस्त्यावर धावते आहे. मॅक्स फ्रिट्झ यांच्या आयुष्यातील ही विसंगती बीएमडब्ल्यूच्या निळ्या-पांढऱ्या चिन्हावर जीव टाकणाऱ्यांपैकीही थोड्यांनाच ठाऊक असते.

मॅक्स फ्रिट्झ यांचा जन्म १ ऑक्टोबर १८८३ रोजी वुर्टेम्बर्ग प्रांतातील उराख या डोंगराळ गावात झाला. जर्मनीचा हा नैऋत्य भाग श्वाबियन लोकांचा. काटकसर, कारागिरी आणि हट्टीपणा यांसाठी ते देशभर ओळखले जातात. फ्रिट्झ यांच्याकडे पुढे या तिन्ही गोष्टींचा साठा दिसतो. स्टुटगार्टजवळ वाफेची इंजिने बनविणाऱ्या कारखान्यात त्यांनी उमेदवारी केली, तंत्रशिक्षण घेतले आणि १९०६ मध्ये ते डाइमलर कंपनीच्या आरेखन विभागात दाखल झाले. हाताला तेल लागलेल्या माणसाने ड्रॉइंग बोर्डापर्यंत यावे, हा त्या काळातील जर्मन अभियंत्यांचा नेहमीचा मार्ग होता. त्याचा एक फायदा असा, की कागदावर ओढलेली रेघ ओतशाळेत आणि लेथवर काय त्रास देईल, हे अशा माणसाला आधीच कळते.

डाइमलरमध्ये त्यांनी दहा वर्षे काढली. ४ जुलै १९१४ रोजी फ्रान्समध्ये लिओं येथे झालेल्या ग्रां प्री शर्यतीत मर्सिडीजच्या गाड्या पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या आल्या. त्या गाड्यांच्या साडेचार लिटरच्या इंजिनाच्या रचनेत फ्रिट्झ यांचा महत्त्वाचा वाटा होता. डोक्यावर कॅमशाफ्ट आणि दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह असे ते इंजिन होते. महिनाभरात महायुद्ध पेटले. यांपैकी एक गाडी त्या वेळी लंडनमध्ये होती. ती इंग्रजांनी ताब्यात घेऊन डर्बीला रोल्स-रॉइसच्या कारखान्यात नेली आणि तिचे इंजिन सुटे करून अभ्यासले. शत्रूने आपले काम उघडून पाहावे, यापेक्षा मोठी पावती अभियंत्याला क्वचितच मिळते.

युद्धाने फ्रिट्झ यांना विमानाच्या इंजिनांकडे ढकलले आणि तेथे त्यांना आपला खरा विषय सापडला. विमान जसे उंच जाते तशी हवा विरळ होते आणि इंजिनाचा दम तुटू लागतो. जमिनीवर दांडगे वाटणारे इंजिन पाच हजार मीटरवर अर्धमेले होते. फ्रिट्झ यांच्या डोक्यात यावर एक तोडगा घोळत होता. इंजिन मुळातच गरजेपेक्षा मोठे आणि जास्त दाबाचे करायचे, जमिनीलगत त्याला पूर्ण मोकळे सोडायचेच नाही आणि वर गेल्यावर खास कार्ब्युरेटरच्या साहाय्याने राखून ठेवलेली ताकद वापरायची. डाइमलरमध्ये या कल्पनेला वाव मिळाला नाही. जानेवारी १९१७ मध्ये ते म्युनिकच्या राप्प मोटोरेनवेर्के या अडचणीत सापडलेल्या कारखान्यात आले.

राप्प यांची इंजिने फार थरथरत आणि म्हणून लष्कराला नकोशी झालेली होती. कारखान्याचा कारभार पाहणारे व्हिएन्नाचे अभियंते फ्रान्ट्स योझेफ पॉप यांनी फ्रिट्झ यांना मोकळा हात दिला. सहा सिलिंडरचे, पाण्याने थंड होणारे, १९ लिटरचे नवे इंजिन काही महिन्यांत उभे राहिले. त्याच वर्षी जुलैमध्ये कारखान्याचे नाव बदलून बायरिश मोटोरेन वेर्के, म्हणजे बीएमडब्ल्यू, असे झाले. इंजिनाला बीएमडब्ल्यू ३ए हे नाव मिळाले. फोकर डी-७ या लढाऊ विमानात ते बसविल्यावर वैमानिकांना फरक तत्काळ जाणवला, कारण जेथे इतरांची विमाने धापा टाकीत, तेथे हे विमान अजून चढत असे. १९१८ च्या युद्धबंदीच्या करारात शत्रूने जी सामग्री मागितली, तीत फोकर डी-७ चा नावानिशी उल्लेख होता.

१७ जून १९१९ रोजी फ्रान्ट्स त्सेनो डीमर हा वैमानिक फ्रिट्झ यांच्या पुढच्या इंजिनाच्या, बीएमडब्ल्यू ४ च्या, जोरावर ९,७६० मीटर उंचीवर पोहोचला. एव्हरेस्टपेक्षा जवळजवळ नऊशे मीटर अधिक, आणि तेही उघड्या कॉकपिटमध्ये बसून. जर्मनी त्या वेळी आंतरराष्ट्रीय संघटनेबाहेर असल्याने या विक्रमाला अधिकृत मान्यता मिळाली नाही. अकरा दिवसांनी, २८ जूनला, व्हर्सायच्या तहावर सह्या झाल्या आणि जर्मनीत विमानाची इंजिने बनविण्यास बंदी आली. ज्या कामात फ्रिट्झ जगात पुढे होते, ते काम आता गुन्हा ठरले.

बीएमडब्ल्यूने मग रेल्वेचे ब्रेक बनवायला घेतले. विमानाची इंजिने ओतणाऱ्या हातांनी मालगाड्यांचे ब्रेक करायचे, म्हणजे सराफाने खिळे ठोकण्यासारखेच. पोट भरण्यासाठी शेतीची आणि ट्रकची इंजिनेही झाली. याच काळात मार्टिन स्टोल या अभियंत्याने आपल्या इंग्रजी डग्लस मोटारसायकलीच्या इंजिनाचा अभ्यास करून ४९४ सीसीचे एक छोटे इंजिन सिद्ध केले. दोन सिलिंडर एकमेकांकडे पाठ करून आडवे झोपलेले, पिस्टन एकाच वेळी बाहेर जाणारे आणि एकाच वेळी आत येणारे. मुष्टियोद्धा लढतीपूर्वी दोन्ही हातमोजे एकमेकांवर आपटतो तशी ही हालचाल, म्हणून तिला बॉक्सर म्हणतात. दोन्ही पिस्टन परस्परांचे धक्के खाऊन टाकतात, त्यामुळे इंजिन मुळातच शांत असते. या रचनेचे श्रेय खूप मागे, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, कार्ल बेन्झ यांच्याकडे जाते. बॉक्सरचे जनक म्हणून फ्रिट्झ यांचे नाव सर्रास घेतले जाते. ते तितकेसे बरोबर नाही.

स्टोल यांचे इंजिन इतर कारखाने विकत घेऊन आपल्या मोटारसायकलींत बसवीत. त्यांपैकी हेलिओस ही गाडी म्युनिकच्याच एका जुन्या विमान कारखान्यात तयार होई. १९२२ मध्ये कामिलो कास्तिल्योनी या धनाढ्य भांडवलदाराने बीएमडब्ल्यूचे नाव, आराखडे आणि माणसे विकत घेऊन याच कारखान्याच्या जागेत आणली, आणि त्यांच्याबरोबर हेलिओसचे लचांडही गळ्यात पडले. गाडी वाईट होती. इंजिन चौकटीत लांबीच्या दिशेने बसविलेले असल्याने एक सिलिंडर पुढे आणि दुसरा त्याच्या आडोशाला मागे येई. पुढच्याला वारा मिळे, मागचा तापून लाल होई. पॉप यांनी फ्रिट्झ यांना हिचे काय करता येईल असे विचारले, तेव्हा सगळ्या गाड्या जवळच्या तळ्यात बुडवाव्यात असा सल्ला त्यांनी दिल्याची आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, त्यांच्या पुढच्या कृतीशी जुळते खरी. त्यांनी हेलिओस दुरुस्त करण्याऐवजी कोऱ्या कागदावरून सुरुवात केली.

१९२२-२३ च्या हिवाळ्यात त्यांनी जे केले, ते सांगायला अगदी सोपे आहे. त्यांनी इंजिन चौकटीत काटकोनात फिरविले. एवढ्याने दोन्ही सिलिंडर चौकटीबाहेर, थेट वाऱ्यात आले आणि सारखेच थंड राहू लागले. क्रँकशाफ्ट आता गाडीच्या लांबीच्या दिशेने फिरू लागला, म्हणून त्याच्या मागे क्लच आणि गिअरबॉक्स एकाच ठोकळ्यात, मोटारगाडीसारखे, जोडता आले. गिअरबॉक्समधून निघणारा शाफ्ट सरळ मागच्या चाकापर्यंत नेता आला आणि शक्तीला वळण फक्त एकदाच, चाकापाशी, घ्यावे लागले. चेन गेली. चेनबरोबर तिचे वंगण, तिचा चिखल आणि पावसाळ्यात ती सैल पडून उतरण्याची धास्तीही गेली. आपल्याकडे बुलेट किंवा येझदी चालविलेल्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको. तेल इंजिनाच्या पोटातच फिरत राहील अशी सोय केली. त्या काळच्या अनेक मोटारसायकली तेल पिऊन रस्त्यावर टाकीत. ही टाकीत नसे. या सगळ्याभोवती त्यांनी दोन समांतर नळ्यांची बंद चौकट वळविली आणि तिच्या वरच्या नळ्यांमध्ये पाचरीसारखी टाकी बसविली.

याला आर-३२ हे नाव मिळाले. सप्टेंबर १९२३ मध्ये बर्लिनच्या मोटार प्रदर्शनात ती लोकांसमोर आली. ६८ मिलिमीटर व्यासाचे आणि तेवढ्याच धावेचे दोन सिलिंडर, साडेआठ अश्वशक्ती, तीन गिअर, १२२ किलो वजन आणि ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास वेग. इंग्रजी शर्यतीच्या गाड्यांपुढे हे आकडे किरकोळ होते. किंमत मात्र किरकोळ नव्हती. चलन स्थिरावल्यावर ती २,२०० मार्क झाली. तरीही १९२६ पर्यंत तीन हजारांहून थोड्या अधिक गाड्या विकल्या गेल्या, कारण विकत घेणाऱ्याला वेगापेक्षा न बिघडण्याची हमी हवी होती.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. आडवे बसविलेले बॉक्सर इंजिन फ्रिट्झ यांच्या आधी इंग्लंडमध्ये ग्रॅनव्हिल ब्रॅडशॉ यांनी एबीसी या मोटारसायकलीत १९१९ सालीच आणले होते, आणि बेल्जियमच्या एफएन कंपनीने शाफ्टची गाडी त्याच्याही बऱ्याच आधी केली होती. एबीसीमध्ये मागच्या चाकाला चेनच होती आणि तिच्या व्हॉल्व्हची यंत्रणा नाजूक. ती कंपनी लवकरच बुडाली. फ्रिट्झ यांनी नवे असे एकही सुटे अंग शोधले नाही. त्यांनी माहीत असलेली अंगे अशा क्रमाने मांडली, की प्रत्येक अंगाला दुसऱ्याचा आधार मिळाला आणि काढून टाकण्यासारखे काही उरले नाही. हे शोधापेक्षा कमी आहे असे म्हणणाऱ्यांनी आर-३२ समोर पाच मिनिटे उभे राहून पाहावे.

कारण तिचे देखणेपण येथूनच आले आहे. आर-३२ ला कुणी कलावंताने नटविलेले नाही. काळा रंग, त्यावर कुंचल्याने ओढलेल्या पांढऱ्या रेघा, आणि निळे-पांढरे चिन्ह. सजावट म्हणावी ती एवढीच. बाकी जे दिसते ते सारे काम करते. सिलिंडर बाहेर आहेत, कारण वारा तेथे आहे. चौकट त्रिकोणी दिसते, कारण तिच्या पोटात इंजिन तसे बसते. शाफ्टची नळी मागच्या चाकाकडे सरळ जाते, कारण तिला वळायचे कारणच नाही. माणसाच्या हाडांवरून त्याचा चेहरा ओळखावा, तशी ही गाडी तिच्या यंत्रावरून ओळखता येते. म्हणूनच पुढे टाक्या बदलल्या, दिवे बदलले, फेअरिंग आली, तरी अंधारात नुसती कडा दिसली तरी बॉक्सर बॉक्सरच वाटते. १९९८ मध्ये न्यू यॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने मोटारसायकलींचे गाजलेले प्रदर्शन भरविले, त्यात आर-३२ ला स्थान मिळाले ते काही तिच्या साडेआठ अश्वशक्तीसाठी नव्हे.

फ्रिट्झ स्वतः मात्र या यशाजवळ फार काळ रेंगाळले नाहीत. मोटारसायकलीला वेग देण्याचे काम रुडोल्फ श्लायखर या तरुण अभियंत्याने हाती घेतले. त्याने हलक्या मिश्रधातूचे सिलिंडर हेड आणि डोक्यावरचे व्हॉल्व्ह आणून १९२५ ची आर-३७ घडविली, तिची ताकद जवळजवळ दुप्पट केली आणि पुढे शर्यती जिंकून दाखविल्या. एर्न्स्ट हेन्ने याने १९२९ मध्ये ताशी २१६ किलोमीटरचा आणि १९३७ मध्ये २७९ किलोमीटरचा वेगविक्रम केला. गेओर्ग मायर याने १९३९ मध्ये ब्रिटिशांच्या बालेकिल्ल्यात, आइल ऑफ मॅनवर, सीनियर टीटी शर्यत जिंकली. ही सारी बॉक्सर इंजिने होती. मात्र त्या कथेत फ्रिट्झ यांचे नाव शोधावे लागते.

विमानांवरील बंदी सैल होताच ते आपल्या विषयाकडे परतले होते. बारा सिलिंडरचे बीएमडब्ल्यू ६ हे इंजिन १९२६ पासून कारखान्याबाहेर पडू लागले. १९३० मध्ये वोल्फगांग फोन ग्रोनाऊ याने डॉर्नियर जातीच्या उडत्या नौकेतून अटलांटिक महासागर ओलांडला, तो याच इंजिनांवर. नागरी विमानवाहतुकीच्या त्या उमेदीच्या दिवसांत फ्रिट्झ यांच्या कारकिर्दीचा दुसरा बहर दिसतो. तो त्याच वाटेने पुढे गेला असता तर या चरित्राचा शेवट अधिक सुखाचा झाला असता.

१९३३ नंतर जर्मनीत विमानाचे इंजिन म्हणजे पुन्हा युद्धाचे इंजिन झाले. १९३७ मध्ये फ्रिट्झ आयझेनाख येथील बीएमडब्ल्यूच्या हवाई इंजिनांच्या कारखान्याचे प्रमुख म्हणून गेले. वीस वर्षांपूर्वी ड्रॉइंग बोर्डावर वाकलेला माणूस आता शस्त्रसज्जतेच्या यंत्रणेतील एक व्यवस्थापक होता. युद्ध जसे लांबले, तसे बीएमडब्ल्यूचे हवाई इंजिनांचे कारखाने परदेशांतून आणलेल्या वेठबिगारांवर आणि छळछावण्यांतील कैद्यांवर चालू लागले. म्युनिकजवळच्या अलाख येथे डाखाऊ छावणीतील कैदी राबत. आयझेनाखच्या कामासाठी १९४४ मध्ये बुखेनवाल्ड छावणीची एक उपछावणी काढण्यात आली. २०१६ मध्ये आपल्या शताब्दीच्या वेळी कंपनीने या इतिहासाबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. आर-३२ च्या निर्मळ रेषांवर प्रेम करणाऱ्यांना हे पान उलटून पुढे जाण्याचा मोह होतो. ते उलटता कामा नये. यंत्राची रचना स्वच्छ असली, म्हणजे ते यंत्र कुणासाठी आणि कुणाच्या श्रमांतून तयार होते या प्रश्नातून रचनाकाराची सुटका होत नाही.

१९४५ मध्ये सारे कोसळले. आयझेनाख सोव्हिएत हद्दीत गेले, म्युनिकचे कारखाने दोस्तांच्या ताब्यात आले आणि विमानाच्या इंजिनांवर पुन्हा एकदा बंदी आली. साठी ओलांडलेले फ्रिट्झ कामातून निवृत्त झाले. बीएमडब्ल्यूने काय केले? १९१९ नंतरचाच धडा गिरविला. आधी भांडी आणि सायकली, मग १९४८ मध्ये २५० सीसीची एक सिलिंडरची मोटारसायकल आणि १९५० मध्ये आर-५१/२, म्हणजे पुन्हा बॉक्सर. विमानाच्या नादाने कंपनी दोनदा बुडाली आणि दोन्ही वेळा तिला वर काढले ते फ्रिट्झ यांच्या नावडत्या दुचाकीने.

तिसरी खेप याहून मजेशीर आहे. पन्नाशीच्या दशकात जर्मन माणूस मोटारसायकल सोडून छोट्या मोटारीकडे वळला. बीएमडब्ल्यूचे दुचाकींचे उत्पादन १९५४ मधील सुमारे तीस हजारांवरून तीनच वर्षांत साडेपाच हजारांच्या आसपास आले. डिसेंबर १९५९ मध्ये कंपनी विकत घ्यायला कोण आले, तर डाइमलर-बेन्झ, म्हणजे फ्रिट्झ यांची जुनी कंपनी. भागधारकांनी सभेत हा बेत उधळून लावला. त्या कठीण दिवसांत तग धरायला मदत करणारी छोटी मोटार होती बीएमडब्ल्यू ७००, आणि तिच्या मागच्या बाजूला धडधडत होते मोटारसायकलीवरूनच घेतलेले, हवेने थंड होणारे दोन सिलिंडरचे बॉक्सर इंजिन.

मॅक्स फ्रिट्झ यांचे ९ जून १९६६ रोजी म्युनिकच्या दक्षिणेला, आल्प्सच्या पायथ्याशी असलेल्या तेगर्नझे येथे निधन झाले. ते ८२ वर्षांचे होते. त्या वर्षी बीएमडब्ल्यूच्या दुकानांत बॉक्सरच्या जेमतेम तीन गाड्या होत्या. त्यांतली ४२ अश्वशक्तीची आर-६९एस ही काळी, पांढऱ्या रेघांची, पुढच्या चाकाला जाडजूड फोर्क असलेली गाडी आज संग्राहकांच्या गळ्यातील ताईत आहे. तेव्हा तिला गिऱ्हाईक शोधावे लागे. मोटारसायकलीचा जमाना संपला, असेच तेव्हा अनेकांना वाटत होते.

तसे झाले नाही. १९६९ मध्ये बर्लिनच्या स्पांडाऊ भागातील कारखान्यातून नव्या मालिकेच्या आर-५०/५, आर-६०/५ आणि आर-७५/५ बाहेर पडू लागल्या. हा कारखानाही एके काळी विमानाच्या इंजिनांचा! इंजिन आतून पूर्ण नवे होते, पण सिलिंडर, गिअरबॉक्स आणि शाफ्ट यांचा क्रम फ्रिट्झ यांच्या कागदावरचाच होता. १९७२ मध्ये यांतल्या काहींना चकचकीत क्रोमचे पत्रे लावलेली छोटी टाकी देण्यात आली. लोक हसले, अमेरिकनांनी तिला पाव भाजण्याच्या टोस्टरचे नाव दिले आणि कंपनीने ती लगेच मागे घेतली. आज हीच टोस्टर टाकी मिळविण्यासाठी मालक पदरमोड करतात. सौंदर्याच्या बाबतीत ग्राहकाच्या पहिल्या मताला किती किंमत द्यावी, याचा हा नमुना आहे.

१९७३ ची आर-९०एस ही या साऱ्या वंशातील सर्वांत देखणी गाडी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. हान्स मूट या रचनाकाराने तिला हँडलभोवती लहानशी फेअरिंग दिली आणि धुरकट रंग दिला, जो कडेकडे गडद होत जातो. हा रंग प्रत्येक गाडीवर हाताने फवारला जाई, त्यामुळे कुठल्याही दोन गाड्या अगदी सारख्या नाहीत. परंतु मूट यांचे शहाणपण त्यांनी जे केले त्यापेक्षा जे केले नाही त्यात अधिक आहे. त्यांनी इंजिन झाकले नाही. १९७६ च्या आर-१००आरएसमध्ये तर इटलीतील वायुबोगद्यात तपासलेली मोठी फेअरिंग आली, आणि तिच्यातूनही ते दोन सिलिंडर दोन्ही बाजूंना डोके काढून आहेतच.

मालकांचे प्रेम आंधळे नाही, हेही सांगायला हवे. शाफ्टमुळे थ्रॉटल उघडला की गाडीची मागची बाजू उचलते आणि सोडला की बसते. जर्मन लोकांनी म्हणून तिला रबरी गाय असे टोपणनाव दिले. वळणावर सिलिंडर रस्त्याला टेकण्याची भीती असते, आणि गाडी पडली की आधी तेच आपटतात. पण हिवाळ्यात त्यांचीच ऊब पायांना मिळते. टॅपेट बसवायचे, तर रस्त्याच्या कडेला स्टुलावर बसून, टाकी न उतरवता, अर्ध्या तासात काम होते. एक झाकण काढले की सारे समोर. यंत्र मालकापासून काही लपवीत नाही, आणि चाळीस-पन्नास वर्षे जुन्या गाड्या चालत्या राहण्याचे मोठे कारण तेच आहे.

रॉबर्ट पर्सिग यांच्या १९७४ च्या ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’ या पुस्तकात याच्या उलट जातीचा मालक भेटतो. निवेदकाच्या मित्राची बीएमडब्ल्यू आर-६० असते. तिचे हँडल सैल होते, तेव्हा निवेदक बिअरच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी मध्ये घालण्याचे सुचवितो. पत्रा मऊ असतो, गंजत नाही, कामाला उत्तम. मित्राला ते आपल्या महागड्या जर्मन गाडीचा अपमान वाटतो. फ्रिट्झ यांच्या गाडीचे रूप त्याला हवे आहे, त्यामागचा विचार नको आहे. कारखान्यातील उमेदवारीतून वर आलेल्या आणि माहीत असलेल्या गोष्टींतूनच नवे घडविणाऱ्या फ्रिट्झ यांनी ती पट्टी निमूटपणे घालून टाकली असती, असे वाटते.

हवेने थंड होणाऱ्या, दर सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह असलेल्या जुन्या पठडीच्या बॉक्सरची शेवटची गाडी १९९६ मध्ये बर्लिनच्या कारखान्यातून बाहेर पडली. १९९३ पासूनच तिच्या जागी चार व्हॉल्व्हची, तेलाचीही मदत घेऊन थंड होणारी इंजिने येऊ लागली होती आणि २०१३ मध्ये पाण्याने थंड होणारा बॉक्सर आला. सोव्हिएत युनियनने १९३८ च्या आर-७१ वरून १९४१ मध्ये एम-७२ ही साइडकारवाली गाडी उभी केली. तिच्यापासून उरल पर्वताच्या पायथ्याशी इर्बित येथे आणि पुढे चीनमध्येही तीच मांडणी दशकानुदशके बनत राहिली. दोन सिलिंडर वाऱ्यात, क्रँक लांबीच्या दिशेने, मागे गिअरबॉक्स आणि चाकापर्यंत सरळ शाफ्ट.